रेंज फुल्ल, तरी नेट का नाही?



गटाचा हप्ता पाठवायला फोन काढावा, रेंजच्या काड्या पूर्ण दिसाव्यात, आणि पैसे पाठवताना चाक नुसतं फिरत राहावं. असं झालं की आपण म्हणतो, टॉवर बिघडला. पण काड्या एवढंच सांगतात, की फोनला टॉवर किती चांगला ऐकू येतो. टॉवरच्या पुढचा रस्ता त्यांत दिसत नाही. आज तो रस्ता पाहू.

फोरजीमध्ये टॉवरपासून इंटरनेटपर्यंत कंपनीची दोन दारं लागतात. त्यांना गेटवे म्हणतात. टॉवरपासून या दारांपर्यंत तुमची माहिती टपालाच्या थैलीत बांधल्यासारखी जाते. थैलीवर क्रमांकाची चिठ्ठी असते. ती पाहूनच थैली पुढे जाते आणि शेवटच्या दारात उघडते.

पहिलं दार सर्व्हिंग गेटवे. तुम्ही एसटीने तालुक्याला निघालात की वाटेत टॉवर बदलत जातात. तेव्हा तुमची थैली आता कोणत्या टॉवरकडे धाडायची, हे इथे बदललं जातं. म्हणून चालू व्हिडिओ तुटत नाही. फोन निजलेला असताना आलेला संदेशही इथे थांबतो. मग फोनला हाक मारून जागं केलं जातं आणि संदेश पोचतो.

दुसरं दार पॅकेट गेटवे. हे इंटरनेटच्या वेशीवरचं. फोनला इंटरनेटवरचा पत्ता इथून मिळतो, म्हणून उत्तरं परत तुमच्याकडेच येतात. रोजचा डेटाही इथेच मोजला जातो. तो संपला, की बऱ्याच पॅकमध्ये वेग इथूनच कमी केला जातो. रेंज मात्र फुल्लच दिसते! फाईव्हजीमध्ये माहिती वाहून नेण्याचं हे काम यूपीएफ नावाची यंत्रणा करते.

आता पैशांचं. पैसे पाठवताना चाक अडकलं, तर तुमची मागणी बँकेपर्यंत पोचलेली असू शकते आणि फक्त उत्तर वाटेत राहिलेलं असू शकतं. म्हणून लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. आधी ॲपमधला व्यवहारांचा इतिहास आणि खात्यातली शिल्लक पाहा. व्यवहार प्रलंबित दिसला, तर थांबा.

नेट अडलं तर क्रमाने तपासा. आजचा डेटा उरला आहे का? विमान मोड मिनिटभर चालू करून बंद करा. फोन नव्याने जोडला जातो आणि दारातून पत्ता पुन्हा मिळतो. शेजारणीच्या त्याच कंपनीच्या फोनवर नेट चालतं का? तिचंही बंद असेल, तर दोष बहुधा कंपनीकडे आहे. मग १९८ वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक गटाच्या वहीत लिहून ठेवा. “रेंज आहे, कॉल लागतो, पण डेटा जात नाही,” असं नेमकं सांगा. नेमकं सांगितलं, की टोलवाटोलवी कमी होते.

पुढच्या बैठकीत हा रस्ता एकमेकींना समजावून सांगा.