कुत्र्याला घेऊन समुद्रावर

सुगी संपली. भात मळून घरात आलं. पोरांना चार दिवसांची सुट्टी लागली. अशा वेळी घरात हमखास गोष्ट निघते, "औंदा समुद्र बघायला जाऊ या."

नेसरीपासून समुद्र फार लांब नाही. आजऱ्यावरून आंबोलीला जावं. आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी येते. तिथून पुढं वेंगुर्ला. सकाळी लवकर निघालं तर दुपारी लाटा दिसतात. पण गंमत बघा. आपल्या घटप्रभेचं पाणी या जवळच्या समुद्राकडं जात नाही. मधे सह्याद्री आडवा आहे. म्हणून घटप्रभा पूर्वेला वाहते, कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी शेकडो कोस लांब बंगालच्या उपसागरात जातं. पाणी जात नाही, पण माणसाला घाट उतरून जाता येतं.

समजा, तुमच्या घरात सहा माणसं आहेत. आजी, नवरा-बायको आणि तीन पोरं. सातवा मोती. मोती म्हणजे घरचा कुत्रा. पोरं हटून बसली आहेत, मोतीला न्यायचंच.

आजी म्हणते, "त्या मुक्या जनावराला कशाला ओढता रं एवढ्या लांब? परक्या गावात कुणाला चावला म्हंजे?"

आजीचं बोलणं खरं आहे. गावात मोती मोकळा फिरतो. त्याला सगळे ओळखतात, आणि तोही सगळ्यांना ओळखतो. परक्या गावात तसं नाही. तिथं आपण पाहुणे. आपल्या कुत्र्यानं काही नासधूस केली तर त्याची जबाबदारी आपलीच. म्हणून मोतीला न्यायचं असेल तर दोन कामं आधी करायला हवीत. एक, त्याला लस टोचून घेणं. दुसरं, त्याच्यासाठी चांगला दोर तयार करणं.

पहिलं काम : लस

पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग आपण सारे जाणतो. त्याला रेबीज म्हणतात. हा रोग एकदा अंगात उमटला की माणूस बहुधा वाचत नाही. पण तो येऊ न देणं आपल्या हातात आहे.

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्याला जनावरांच्या दवाखान्यात न्यावं. तिथं त्याला रेबीजची लस टोचतात. पुन्हा कधी यायचं ते डॉक्टर सांगतात. पुढं दर वर्षी लस टोचावी लागते. लस टोचल्याचं कार्ड मागून घ्यावं. त्यावरची तारीख आपण स्वतः वाचावी. वाचायला शिकलो ते अशाच कामासाठी. लस टोचली की लगेच गुण येत नाही. म्हणून प्रवासाच्या आधी निदान महिनाभर हे काम उरकावं.

आणि कुठलाही कुत्रा चावलाच तर काय करावं? जखमेवर हळद, चुना, तिखट काही लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवावी. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. जितक्या सुया सांगतील तितक्या साऱ्या घ्याव्यात. मधेच सोडू नयेत.

जुन्या माणसांना पोटातल्या चौदा सुया आठवतात. त्या भीतीनं काहीजण दवाखान्यात जात नाहीत. पण ती पद्धत कधीच बंद झाली. आता थोड्याच सुया असतात आणि त्या दंडात देतात. ही लस प्रथम शोधली ती फ्रान्स देशातल्या लुई पाश्चर यांनी. १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेला नऊ वर्षांचा एक मुलगा त्यांच्याकडं आला. त्यांनी त्याला लस टोचली. तो मुलगा जगला.

दुसरं काम : दोर

दोर आपल्या शेतकऱ्याला नवा नाही. दावं, कासरा, सोल, नाडा, चऱ्हाट, किती त्याची नावं! बांधावरचं घायपात कापायचं. पानं पाण्यात कुजत घालायची. मग ती ठेचून, धुऊन वाख काढायचा. वाख वाळला की त्याचे पेड वळायचे आणि पेडांचा दोर करायचा.

वाखाचा एक धागा पोरगंसुद्धा तोडतं. मग त्याचाच दोर बैलाला कसा आवरतो? यात पिळाची करामत आहे. पीळ दिला की धागे एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. ओढावं तसे ते जास्तच आवळतात. पेड एका बाजूला पिळतात आणि दोर वळताना उलट्या बाजूला पीळ देतात. एक पीळ सुटायला बघतो, तेव्हा दुसरा त्याला अडवतो. म्हणून दोर उलगडत नाही.

मोतीचा दोर चार हात लांब पुरे. पण दोर थेट गळ्याला बांधू नये. सरकगाठ तर मुळीच मारू नये. कुत्र्यानं हिसका दिला की फास बसतो. गळ्यात दोन बोटं रुंद पट्टा असावा. तो जुन्या जाड कापडाचा घरी शिवता येतो. पट्टा आणि गळा यांच्यामधे आपली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पट्ट्याला कडी लावावी आणि कडीला दोर बांधावा. निघायच्या आधी आठ दिवस मोतीला या दोरानं रोज फिरवावं. म्हणजे तो बुजत नाही.

वाटेत सावंतवाडी

निघायच्या दिवशी मोतीला पहाटे पोटभर घालू नये. घाटाच्या वळणांनी कुत्र्यालाही उलटी होते. पाणी मात्र जवळ ठेवावं. जीप उन्हात उभी करून, काचा लावून त्याला आत कोंडू नये. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग गार करतो. बंद गाडीत थोड्याच वेळात त्याचा जीव जाऊ शकतो.

सावंतवाडीला चितार आळी आहे. तिथं लाकडाची खेळणी आणि फळं मिळतात. लाकडाचा आंबा, लाकडाचं केळं, लाकडाची मिरची! पोरं हात लावून बघतात तेव्हा त्यांना पटतं. यासाठी पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड घेतात. ते आधी नीट वाळवावं लागतं. ओलं लाकूड पुढं तडकतं. मग ते कातायचं, कोरायचं, घासून गुळगुळीत करायचं, आणि त्यावर रंग चढवायचा.

इथंच गंजिफाही बनतात. गंजिफा म्हणजे खेळायचे जुने, गोल पत्ते. दशावतारी गंजिफांत १२० पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा गट आणि प्रत्येक गटात बारा पत्ते. प्रत्येक पत्ता हातानं रंगवतात. ही कला बुडत चालली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात तिला पुन्हा उभं केलं. त्यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसायला जागा दिली.

जोडाची किंमत ऐकून घरधनी म्हणेल, "पत्त्यांना एवढं पैसं?"

जरा हिशेब करू. एका पत्त्याला एक तास लागतो असं धरा. १२० पत्त्यांना १२० तास झाले. रोज आठ तास काम केलं तर पंधरा दिवस. आता आपल्या गावची पंधरा दिवसांची मजुरी मांडून बघा. त्यात कागद, कापड, रंग मिळवा. मग किंमत जास्त वाटते का? परवडत नसेल तर जोड घेऊ नये. एखादं लहान खेळणं घ्यावं. पण घासाघीस करताना हा हिशेब मनात ठेवावा. आपल्या गुळाचा भाव कुणी पाडला तर आपल्याला कसं वाटतं?

समुद्राकाठचा दोर

वेंगुर्ल्याला पोचलात की तिथला दोर बघा. तो घायपाताचा नसतो, नारळाच्या सोडणाचा असतो. त्याला काथ्या म्हणतात. जुन्या रीतीत सोडणं खाडीच्या पाण्यात कित्येक महिने कुजत घालतात. मग ती बडवून धागा मोकळा करतात आणि सुंभ वळतात. आता काही ठिकाणी सोडण यंत्रानं फोडतात. तरी हाताला काम उरतंच. या भागात कितीतरी बायका काथ्याचं काम करून घर चालवतात.

काथ्या हाताला खरखरीत लागतो. पण खाऱ्या पाण्यात तो घायपातापेक्षा जास्त टिकतो. ज्या गावाला जे पाणी, तसा तिथला दोर. सुंभ वळणारी बाई भेटली तर तिच्याशी बोला. तिचा पीळ आणि आपला पीळ एकाच युक्तीचा आहे हे तुमच्या ध्यानात येईल. जमल्यास तिच्याकडून मोतीसाठी एक दोर विकत घ्या.

वाळूवर

आता समुद्र आला. पोरं धावली. मोतीही हिसके देऊ लागला. धाकटा म्हणतो, "बाबा, सोडा की त्याला! इथं तर कुणीच न्हाई."

वाळू मोकळी दिसते, पण ती मोकळी नाही. एकीकडं जाळी पसरलेली असतात. कुठं मासळी सुकत घातलेली असते. ते गाबीत लोकांचं पीक आहे. आपण खळ्यावर भात वाळत घालतो, तसंच. कुत्र्यानं त्यात तोंड घातलं तर कुणाच्या तरी दिवसाची कमाई जाते.

आणि एक ठेवा तर डोळ्यांना दिसतच नाही. तो वाळूच्या पोटात असतो. वेंगुर्ला तालुक्यात वायंगणी गावाचा किनारा आहे. तिथं आणि कोकणातल्या आणखी काही किनाऱ्यांवर थंडीच्या दिवसांत समुद्रातली कासवं अंडी घालायला येतात. त्यांना ऑलिव्ह रिडले म्हणतात. मादी रात्री वाळूवर चढते. पायांनी हातभर खोल खड्डा करते. त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पुढं ती अंड्यांकडं बघायलाही येत नाही. वाळूची ऊब त्यांना उबवते. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात आणि पाण्याकडं चालू लागतात.

कुत्र्याचं नाक तीक्ष्ण. त्याला अंड्यांचा वास लागतो. तो वाळू उकरतो. घटकाभरात शंभर पिल्लांचं घर उद्ध्वस्त होतं. यात कुत्र्याचा दोष नाही. उकरणं हा त्याचा स्वभाव आहे. दोष दोर सोडणाऱ्याचा. गावकरी आणि वनखातं मिळून ही अंडी राखतात. घरट्याभोवती जाळी लावतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं या कासवांना संरक्षण आहे. त्यांना मारणं किंवा त्यांची अंडी नेणं गुन्हा आहे. कासवांच्या किनाऱ्यावर कुत्रा नेऊच नये. दुसऱ्या किनाऱ्यावरही कुत्रा दोरावरच ठेवावा, आणि दोर मोठ्या माणसाच्या हातात असावा.

आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवा. भर दुपारी वाळू तापते. आपला उलटा हात वाळूवर ठेवा. पाच मोजेपर्यंत ठेववत नसेल, तर मोतीचे पाय भाजतील. त्याला खारं पाणी पिऊ देऊ नका, उलट्या-जुलाब होतात. त्याची घाण उचलून खड्ड्यात पुरा. समुद्रात उतरण्याआधी भरती-ओहोटीची वेळ गावकऱ्यांना विचारा, आणि गुडघ्यापलीकडच्या पाण्यात पोरांना जाऊ देऊ नका.

घरी परतताना

निघताना मोतीला गोड्या पाण्यानं धुवा. अंगावर मीठ राहिलं तर खाज सुटते. त्याचे कान कोरडे करा. पायात काटा किंवा माशाचा गळ रुतला नाही ना, ते बघा. दोरही गोड्या पाण्यात खळबळून वाळत घाला.

रात्री घाट चढताना पोरं झोपी जातील. धाकट्याच्या मुठीत लाकडाचा आंबा असेल. मोती आजीच्या पायाशी मुरकटून पडेल. समुद्राकाठच्या गावात आपण आलो आणि गेलो. तिथली मासळी वाळते आहे. वाळूतली अंडी उबताहेत. आपल्यामुळं कुणाचं काही मोडलं नाही.

तेव्हा आजी म्हणेल, "पुढल्या खेपेलाबी न्या रं त्याला. पण दोर माझ्या हातात द्या."