छप्पन्न तासांची गाडी

मुंबईचे शेरीफ, म्हणजेच नगरपाल, आपल्याला ठाऊक असतात ते समारंभांमुळे. डॉ. भाऊ दाजी लाड या पदावर दोनदा होते, सुनील गावसकरही होऊन गेले. वर्षभराचा मान, हाताखाली पोलीस नाहीत. कार्यालयाचं खरं काम उच्च न्यायालयाचे हुकूम बजावण्याचं. देणी थकवणारं जहाज बंदरात अडकवून ठेवण्यापर्यंत. अमेरिकेतल्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, शेरीफ याच इंग्रजी घराण्यातला, पण त्याच्याकडे तुरुंग आहे, हेलिकॉप्टरं आहेत आणि मतदारांनी दिलेली खुर्ची आहे.

या खुर्च्यांमधली सर्वांत मोठी लॉस एंजेलिस काउंटीची. काउंटीत ८८ शहरं, वस्ती सुमारे १ कोटी. लॉस एंजेलिस शहराचं पोलीसदल वेगळं. त्याचा शेरीफशी संबंध नाही. शेरीफच्या खात्यात सुमारे १८ हजार माणसं, त्यांतली निम्म्याहून अधिक शपथ घेतलेली, पिस्तूल बाळगणारी. उरलेले कारकून, तुरुंगातले सहायक, फोन घेणारे, प्रयोगशाळेतले तज्ज्ञ. हुद्द्यांची उतरंड लष्करी वळणाची: डेप्युटी, सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन, कमांडर, चीफ. त्यांच्या वर असिस्टंट शेरीफ, अंडरशेरीफ आणि शेवटी शेरीफ. गस्तीचे उत्तर, मध्य, पूर्व आणि दक्षिण असे चार विभाग. न्यायालयांचा बंदोबस्त, तुरुंग आणि गुन्हे तपास यांची खाती निराळी.

गस्तीच्या गाडीत बसायचं म्हणून भरती झालेला तरुण अकादमीतून बाहेर पडला की बहुतेक वेळा आधी तुरुंगात जातो. कैदी म्हणून नव्हे, पहारेकरी म्हणून. तिथे वर्षं निघतात. कायद्याच्या रक्षकानं माणसांकडे बघायचं पहिलं शिक्षण कोठडीच्या गजांतून घ्यावं, ही पद्धत मला तरी बरी वाटत नाही. याच तुरुंगांत कैद्यांना झालेल्या मारहाणीची केंद्रीय तपास यंत्रणा चौकशी करत होती. ती अडवल्याबद्दल माजी शेरीफ ली बाका २०१७मध्ये दोषी ठरले आणि त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली.

तुरुंगाच्या पहाऱ्यातून सुटका झाली की ठाणं. ठाण्याचा प्रमुख कॅप्टन. प्रत्येक पाळीवर एक लेफ्टनंट, हाताखाली सार्जंट. गुन्ह्यांचा तपास करणारे डिटेक्टिव्ह वेगळ्या खोलीत. नवखा डेप्युटी पहिले काही महिने प्रशिक्षक डेप्युटीच्या शेजारी बसतो. पाळीच्या सुरुवातीला हजेरी आणि सूचना, मग वायरलेस आणि बंदूक तपासायची, आणि गाडीची मागची सीट चाचपून घ्यायची. आधीच्या पाळीतल्या आरोपीनं तिथे पुडी किंवा चाकू सारला असेल, तर तो आत्ताच सापडलेला बरा. नंतर सापडला तर कुणाच्या नावावर टाकायचा?

खरी गंमत गाडीच्या हिशेबात आहे. १९५४मध्ये लेकवूड हे नव्या घरांचं उपनगर शेजारच्या लाँग बीचनं गिळू नये म्हणून स्वतंत्र शहर झालं. नगरपरिषद आली, पण स्वतःचं पोलीसदल उभारायची ऐपतही नव्हती आणि हौसही नव्हती. त्यांनी काउंटीशी करार केला आणि शेरीफची सेवा विकत घेतली. पुढे अनेक शहरांनी तीच वाट धरली. कॉम्प्टननं तर २०००मध्ये असलेलं पोलीसदल मोडीत काढलं आणि शेरीफला बोलावलं. आज ८८पैकी सुमारे ४० शहरं अशी करारावर आहेत.

शहर डेप्युटी मोजून घेत नाही, तास मोजून घेतं. एक माप ५६ तासांचं: रोज आठ तास, आठवड्याचे सातही दिवस एक गाडी, आणि नेमलेला डेप्युटी रजेवर गेला तर बदली माणूस देण्याची जबाबदारी खात्याची. ४० तासांचं माप स्वस्त, पण त्यात बदली नाही. चोवीस तास गाडी हवी तर ५६ गुणिले तीन, म्हणजे आठवड्याचे १६८ तास विकत घ्यायचे. एक माणूस आठवड्याला ४० तास काम करतो. रजा, प्रशिक्षण आणि न्यायालयातल्या साक्षी वजा केल्या की त्या एका गाडीमागे पाचेक माणसं लागतात. रस्त्यावर एक दिसते; बाकीची पगारपत्रकात.

आणि ज्यांच्याकडे करार नाही? कुठल्याच शहरात न मोडणाऱ्या पूर्व लॉस एंजेलिससारख्या वस्त्यांना काउंटीच्या तिजोरीतून गस्त मिळते. माणसं कमी पडली की कात्री कुठे लागणार हे सांगायला ज्योतिषी नको. २०१३च्या सुमारास काउंटीच्या लेखापरीक्षणात आढळलं, की करारातल्या शहरांना ठरलेल्या तासांपैकी ९९ टक्के मिळाले, या वस्त्यांना ९१ टक्के. तातडीच्या फोनला गाडी पोहोचायलाही तिथे सुमारे मिनिटभर जास्त लागत होतं. पैसे मोजणाऱ्याकडे हिशेबाची वही असते, मतदाराकडे नसते. गेल्या काही वर्षांत हजाराहून अधिक जागा रिकाम्या राहिल्यानं सक्तीच्या जादा पाळ्यांवरच गाडा चालला आहे.

या सगळ्याचा शेरीफला जाब विचारणार कोण, हा आणखी एक गुंता. अंदाजपत्रक पाच सदस्यांचं पर्यवेक्षक मंडळ ठरवतं, पण मंडळ शेरीफचा साहेब नाही. तो मतदारांचा माणूस. २०१८मध्ये निवडून आलेले आलेक्स व्हियानुएवा आणि मंडळ यांची चार वर्षं भांडणात गेली. नोव्हेंबर २०२२मध्ये मतदारांनी एकाच दिवशी दोन निर्णय घेतले: व्हियानुएवांना पाडून रॉबर्ट लूना यांना निवडलं, आणि सबळ कारण असेल तर पाचपैकी चार मतांनी शेरीफला काढण्याचा अधिकार मंडळाला दिला.