राउटर वाढवले, तरी नेट का अडखळते?

रायपूरच्या पंडरीसारख्या बाजारवस्तीत खाली दुकान आणि वर दोन-तीन मजले घर, अशी बांधणी असली की एका राउटरने भागत नाही. मधल्या काँक्रीटच्या स्लॅबमधून जाताना लहरी क्षीण होतात, 5 गिगाहर्ट्झच्या तर फारच. म्हणून मजल्यागणिक एकेक राउटर बसतो. तरी जिन्यात व्हिडिओ कॉल तुटतो, आणि मग आणखी एक राउटर आणला जातो. माझ्या मते अशा घरांत उणीव असते ती राउटरांच्या आपसातल्या मेळाची; तो न बसवता नग वाढवले, तर दुखणे वाढते.

सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज असा की आपण वर गेलो की खालचा राउटर फोनला आपोआप वरच्याच्या हवाली करतो. प्रत्यक्षात कोणता राउटर धरायचा हे फोन ठरवतो. ॲपलने आयफोनपुरता हा हिशेब उघड सांगितला आहे: सिग्नल उणे 70 डीबीएमच्या खाली घसरला की फोन दुसरा राउटर शोधू लागतो, आणि डेटा चालू असताना नवा सिग्नल निदान 8 डेसिबलने सरस असेल तरच तिकडे जातो. खालचा राउटर पूर्ण ताकदीवर असेल आणि वरच्या मजल्यावरही उणे 65 मिळत असतील, तर फोन जुन्यालाच चिकटून राहणार. म्हणून राउटरची ताकद कमी करणे हाच इथे उपाय ठरतो. मग कोपऱ्यात रेंज कशी पोचेल, हा आक्षेप एकच राउटर असलेल्या घरात रास्त आहे. तीन असतील तर तो कोपरा जवळच्याने सांभाळायचा. शिवाय राउटरचे बोलणे फोनला ऐकू आले तरी फोनचा दुबळा ट्रान्समीटर तिथवर पोचेलच असे नाही. दांड्या भरलेल्या आणि पान उघडत नाही, याचे एक कारण हेच.

मजल्यागणिक वायफायचे वेगळे नाव ठेवले की ताबा आपल्या हाती राहतो, असेही म्हणतात. एका जागी बसलेल्या टीव्हीसाठी ते चालेल. फिरत्या फोनसाठी मात्र सगळीकडे एकच नाव, एकच पासवर्ड आणि सुरक्षेचा एकच प्रकार हवा. वेगळे हवे ते चॅनेल. 2.4 गिगाहर्ट्झवर भारतात 1 ते 13 चॅनेल दिसतात, पण एकमेकांवर न चढणारे नेहमीचे तीनच: 1, 6 आणि 11. दोन राउटर एकाच चॅनेलवर असले तर निदान आळीपाळीने बोलतात. 1 आणि 3 वर असले तर एकाचे बोलणे दुसऱ्याला निव्वळ गोंगाट वाटते. शेजाऱ्यांचे राउटरही हेच तीन चॅनेल वापरतात, म्हणून जमेल तिथे 5 गिगाहर्ट्झ बरे.

‘नेट कनेक्टेड आहे, पण चालत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा दोन मालक असतात: दोन्ही राउटरांचा पत्ता 192.168.1.1 आणि दोन्ही आपापल्या परीने पत्ते वाटत असतात. वरच्या राउटरची वायर वॅन पोर्टमध्ये असेल तर त्याचे वेगळेच नेटवर्क होते, आणि दुकानातल्या कॉम्प्युटरला वरचा प्रिंटर दिसत नाही. पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, एकाकडेच ठेवावे. बाकीचे ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकावेत.

मेश, म्हणजे आपसात बिनतारी जुळणाऱ्या राउटरांचा संच, घेतला की वायरची गरज संपते, हा समज जाहिरातींनी पसरवला आहे. मेशमुळे जुळणी सोपी होते हे मान्य, पण त्या राउटरांचे आपसातले बोलणेही त्याच स्लॅबमधून जाते. साध्या रिपीटरचा वेग तर निम्म्यावर येतो, कारण ऐकायला आणि पुढे पाठवायला तो एकच रेडिओ वापरतो. त्यापेक्षा राउटर वायरनेच जोडावेत: कॅट 5ई केबल 100 मीटरपर्यंत 1 गिगाबिट नेते, मात्र टोकाला आठही तारा नीट जोडलेल्या हव्यात. चारच लागल्या असतील तर 100 मेगाबिटपुढे गाडी जात नाही, आणि ठपका वायफायवर येतो. म्हणून तपासणीची सुरुवात वायरपासून करावी: एक राउटर सोडून बाकी सगळे बंद, लॅपटॉप केबलने जोडून वेग पाहायचा, मग एकेक राउटर चालू करत जायचे. ज्याला चालू करताच बिघाड परततो, त्याचा पत्ता, चॅनेल आणि वायर याच क्रमाने पाहावी.