पाऊस पडतो, मग पाणी जाते कुठे?



आदिवासी गुड्यांवरील पाण्याच्या कामासाठी मदत देताना मंडळीतून एक प्रश्न हमखास येतो, "एक बोअर मारून दिली की झाले ना?" उत्तर जमिनीखालच्या खडकात आहे.

गडमुडशिंगीत आपल्या पायाखाली काळा कातळ आहे. पावसाचे बरेचसे पाणी ओढ्यांनी पंचगंगेकडे जाते, आणि त्याची वाट डोळ्यांना दिसते. चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना-राजुरा भागात मात्र चुनखडीचा खडक आहे. म्हणूनच गडचांदूर, आवाळपूर येथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले. याच भागात आणि शेजारच्या जिवती तालुक्यात कोलाम व गोंड बांधव राहतात. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक आहे.

माणिकगडच्या डोंगरातून अमलनाल्यासारखे छोटे प्रवाह खाली उतरतात. गडचांदूरजवळ अमलनाल्यावर धरण आहे. या भागाचे पाणी पुढे वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी असा प्रवास करते.

चुनखडीच्या प्रदेशात ओढ्याची रीत निराळी असते. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी चुनखडी हळूहळू विरघळवते. हजारो वर्षांत फटी रुंदावतात, आणि वाहता ओढा त्यांत मुरून दिसेनासा होतो. तेच पाणी दूर कुठेतरी झरा होऊन वर येते. यरुशलेमेचा गीहोन झराही अशाच खडकातून फुटतो. हिज्कीया राजाने त्याचे पाणी कातळातून बोगदा खोदून नगरात आणले.

यातून आपल्या कामासाठी तीन गोष्टी कळतात.

पहिली, बोअरला फट लागली तर भरपूर पाणी मिळते. पण थोड्याच अंतरावर दुसरी बोअर कोरडी जाऊ शकते. म्हणून खोदण्याआधी भूजल तज्ज्ञाकडून जागा तपासून घ्यावी.

दुसरी, मातीतून पाणी गाळले जाते. रुंद फटींतून ते गाळले न जाता वेगाने वाहते. वरच्या बाजूची घाण झऱ्यात लवकर पोहोचते. म्हणून शौचालय आणि जनावरांचा गोठा झऱ्यापासून दूर हवा, आणि पाणी शुद्ध करूनच प्यायला हवे.

तिसरी, हे पाणी जड असते. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, भांड्याला पांढरा थर बसतो. त्यापेक्षा गंभीर म्हणजे जिल्ह्यात काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त आहे. ते चवीवरून कळत नाही, पण मुलांचे दात आणि हाडे बिघडवते. प्रयोगशाळेत तपासणी झाल्याशिवाय नवे पाणी पिण्यासाठी देऊ नये.

तेव्हा आपल्या दानाचा काही भाग पाहणी आणि तपासणीवर खर्च झाला, तर तो वाया गेला असे समजू नका. तहानलेल्याला पाणी देणे ही प्रभूची सेवा आहे. ते पाणी निर्मळ असणे हा त्याच सेवेचा भाग आहे. उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन चालणाऱ्या कोलाम भगिनींची आपल्या प्रार्थनेत आठवण ठेवा.