लॅपटॉप तुमचा, पण त्यातल्या चिपचं मॅन्युअल कंपनीच्या तिजोरीत. ही भानगड नेमकी काय आहे?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि त्यातल्या त्यात नवे प्रोसेसर लागतात. त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी लॅपटॉप एका दिवसात 'जुने' ठरले. अशा वेळी व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी हमखास सल्ला देतं, "त्यात लिनक्स टाक, पळायला लागेल."

बरेचदा ते खरंच पळायला लागतं. पण एखाद्या लॅपटॉपवर वायफायच सापडत नाही, तर एखाद्यावर बोटाचा ठसा वाचणारा सेन्सर नुसता पडून राहतो. चिप बिघडलेली नसते, कालपर्यंत ती विंडोजवर व्यवस्थित चालत होती. मग गाडी अडते कुठे?

ती अडते एका मॅन्युअलपाशी. ते तुम्हाला लॅपटॉपसोबत मिळालेलं नसतं आणि मागूनही मिळत नाही.

ड्रायव्हरला मॅन्युअल कशाला लागतं?

ऑपरेटिंग सिस्टिम आणि चिप यांच्यामधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. चिपमध्ये बारीक बारीक खण असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. ठरावीक खणात ठरावीक आकडा टाकला की स्क्रीन उजळते, वेगळ्या खणात वेगळा आकडा टाकला की वायफाय सिग्नल शोधायला लागतं. ड्रायव्हरचं बरंचसं काम म्हणजे योग्य वेळी योग्य खणात योग्य आकडा टाकणं.

समजा, तुम्हाला एका मंगल कार्यालयाच्या भल्यामोठ्या स्विचबोर्डसमोर उभं केलं. दोनशे बटणं आहेत, पण एकावरही नाव लिहिलेलं नाही. कुठलं बटण मांडवातल्या पंख्याचं, कुठलं पाण्याच्या मोटरचं, हे फक्त वायरमनला माहीत. चिपचं मॅन्युअल म्हणजे त्या प्रत्येक बटणाखाली लिहिलेलं नाव. ते हातात असेल तर बाहेरचा डेव्हलपरही ड्रायव्हर लिहू शकतो. नसेल तर अंधारात चाचपडावं लागतं.

आयबीएमनं मॅन्युअल विकलं आणि बाजार उभा राहिला

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमनं आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यासोबत एक टेक्निकल रेफरन्स मॅन्युअल विकत मिळायचं. त्यात सर्किटचे नकाशे होते आणि बायोस या मूळ प्रोग्रॅमचा अख्खा कोडही छापलेला होता. बाहेरच्या कंपन्यांनी या मशीनसाठी कार्ड आणि सॉफ्टवेअर बनवावं, असा त्यामागचा हिशोब होता.

तो हिशोब जमला, जरा जास्तच जमला. बायोसवर कॉपीराइट असल्यानं तो उतरवून घेता येत नव्हता. म्हणून कॉम्पॅक कंपनीनं त्याच्यासारखंच काम करणारा बायोस नव्यानं लिहिला. मूळ कोड न पाहिलेल्या माणसांनी फक्त 'काय व्हायला हवं' याच्या यादीवरून तो लिहायचा, अशी ती पद्धत होती. कॉम्पॅकचा आयबीएमशी जुळणारा पोर्टेबल पीसी नोव्हेंबर १९८२ मध्ये जाहीर झाला. पुढे अशा पीसींची रांगच लागली आणि आज आपण ज्याला सरसकट 'पीसी' म्हणतो ते त्याच घराण्यातलं आहे.

हातातून निसटलेला बाजार परत मिळवायला आयबीएमनं १९८७ मध्ये पीएस/२ हे मॉडेल आणलं. यात कार्ड बसवायची जागाच नव्या पद्धतीची होती आणि ती वापरायला आयबीएमचा परवाना लागायचा. स्पर्धक कंपन्यांनी एकत्र येऊन दुसरं स्टँडर्ड काढलं आणि पीएस/२ ची पद्धत मागे पडली.

कंपनी मॅन्युअल देतच नसेल तर?

मग उलट्या बाजूनं काम सुरू होतं, त्याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. कंपनीचा बंद ड्रायव्हर चालू ठेवायचा आणि तो कुठल्या खणात कधी कोणता आकडा टाकतो, याची नोंद करायची. ब्राइटनेस वाढवला, कुठला आकडा बदलला? रिझोल्यूशन कमी केलं, आता काय बदललं? अशा हजारो नोंदींवरून मॅन्युअल नव्यानं रचायचं.

एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांसाठी 'नूवो' हा मुक्त ड्रायव्हर असाच बनला. २०१० मध्ये तो लिनक्सच्या मूळ कर्नेलमध्ये आला. जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या कार्यक्रमात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं. तो व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आला असेल. त्यामागचा राग या असहकाराचा होता.

त्यानंतर अडचण आणखी वाढली. २०१४ पासूनच्या एनव्हिडिया कार्डांना कंपनीची डिजिटल सही असलेलं फर्मवेअर लागायला लागलं. सहीशिवाय नूवोला त्या कार्डांचा वेग वाढवता येईना. म्हणजे बटण कुठलं ते कळलं, तरी त्यावर कुलूप होतं. मे २०२२ मध्ये एनव्हिडियानं आपल्या नव्या कार्डांसाठी ड्रायव्हरच्या कर्नेलमधल्या भागाचा सोर्स कोड खुला केला, पण जुन्या कार्डांना त्याचा उपयोग नव्हता.

ॲपलच्या एम१ चिपची गोष्टही अशीच आहे. २०२० च्या शेवटी आलेल्या या मॅकवर दुसरी सिस्टिम चालवायला ॲपलनं मनाई केली नाही, पण मॅन्युअलही दिलं नाही. असाही लिनक्स या प्रकल्पातल्या लोकांनी मॅकओएसच्या खाली आपला छोटा प्रोग्रॅम बसवला आणि मॅकओएस चिपशी काय बोलतं ते ऐकून घेतलं. मार्च २०२२ मध्ये त्यांची पहिली चाचणी आवृत्ती आली. कागद मिळाला असता तर त्यातले कित्येक महिने वाचले असते.

मॅन्युअल दिलं की काय होतं?

एटीआय ही ग्राफिक्स कंपनी विकत घेतल्यावर एएमडीनं सप्टेंबर २००७ मध्ये आपल्या चिपांची रजिस्टर माहिती जाहीरपणे द्यायला सुरुवात केली. वाचण्यासाठी गुप्ततेच्या करारावर सही करायची गरज नव्हती. त्यावरून आणि पुढे कंपनीच्याच इंजिनिअरांच्या मदतीनं मुक्त ड्रायव्हर उभे राहिले. म्हणूनच एएमडीची बरीच जुनी कार्ड आजही नव्या लिनक्सवर चालतात.

२०१४ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हिडिओकोअर ४ या ग्राफिक्स भागाची माहिती खुली केली. रास्पबेरी पाय या स्वस्त कॉम्प्युटरमध्ये हाच भाग होता. रास्पबेरी पाय फाउंडेशननं लगेच १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं : मुक्त ड्रायव्हर वापरून पायवर क्वेक ३ हा गेम नीट चालवून दाखवा. साधारण महिन्याभरात एकानं ते जिंकलं.

मग कंपन्या लपवतात कशासाठी?

सगळाच दुष्टपणा नसतो. स्पर्धकाला डिझाइनचा अंदाज येईल, पेटंटचा दावा ठोकला जाईल, ही भीती असते. चिपमधले काही भाग दुसऱ्या कंपनीकडून परवान्यावर घेतलेले असतात, त्यांची माहिती देणं हातात नसतं. वायफायसारख्या चिपांमध्ये रेडिओ लहरींचे सरकारी नियम आडवे येतात. आणि अनेकदा कारण साधं असतं : आतल्या लोकांसाठी लिहिलेले कागद बाहेर देण्याजोगे करायला माणसं आणि पैसा लागतो.

काही कंपन्या गुप्ततेच्या करारावर माहिती देतात. काही लिनक्स डेव्हलपर असा करार करून ड्रायव्हर लिहितात. ओपनबीएसडीचा गट मात्र असे करार नाकारतो, कारण ड्रायव्हर मिळाला तरी उद्या त्यातली चूक दुसऱ्या कुणाला दुरुस्त करायची असेल, तर त्याच्याकडे मॅन्युअल नसतंच.

यात आपला काय संबंध?

चिप दहा-पंधरा वर्षं टिकू शकते, पण कंपनीचा रस त्याआधीच संपतो. मॅन्युअल बंद असेल तर ज्या दिवशी कंपनी अपडेट थांबवते, त्या दिवसापासून ते मशीन हळूहळू भंगाराच्या वाटेला लागतं. मॅन्युअल खुलं असेल तर ते जिवंत ठेवायला दुसरं कुणीतरी पुढे येऊ शकतं.

भारतातही हालचाल आहे. आयआयटी मद्रासनं 'शक्ती' प्रोसेसरचं डिझाइन खुलं ठेवलंय. ते रिस्क-फाइव्ह या खुल्या पद्धतीवर आधारलेलं आहे. पण एक गल्लत टाळा. चिपवर 'रिस्क-फाइव्ह' लिहिलंय म्हणून तिचं सगळं मॅन्युअल खुलं असतं असं नाही. प्रोसेसरची भाषा खुली असली, तरी त्याच चिपमधल्या ग्राफिक्सचे किंवा वायफायचे खण बंद असू शकतात.

पुढचा लॅपटॉप घेताना रॅम आणि स्टोरेजसोबत आणखी एक गोष्ट बघा : त्यातल्या वायफाय आणि ग्राफिक्स चिपचे ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कर्नेलमध्ये आहेत का? मॉडेलचं नाव टाकून शोधलं की पाच मिनिटांत कळतं. आणि घरातला जुना लॅपटॉप भंगारवाल्याला द्यायच्या आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून बघा. इन्स्टॉल न करताच वायफाय चालतंय की नाही ते दिसेल. चाललं, तर त्याची अजून काही वर्षं शिल्लक आहेत.