मैना कोण?

मंडळी, ‘माझी मैना’ ही छक्कड तुम्ही जत्रेत, सभेत ऐकली असेल. पोटासाठी मुंबईला गेलेला गडी गावाकडं राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, इतकीच तिची गोष्ट, असं पुष्कळांना वाटतं. पण ती शेवटपर्यंत ऐकावी.

छक्कड अण्णा भाऊ साठे यांची. त्यांचा जन्म १९२० साली वाटेगावी झाला. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. पोरवयातच ते वडिलांबरोबर पायी मुंबईला गेले, गिरणीत राबले. ताटातूट म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

पुढं संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला. १९५६ साली बेळगाव, कारवार, निपाणी हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. अण्णा भाऊंनी गड्याचा विरह रंगवत रंगवत छक्कड या मुलखापाशी आणून सोडली. घरची मैना ती दुरावलेली मराठी माती झाली. सीमेचा प्रश्न घर सोडून आलेल्या कामगाराला मग वेगळा समजावून द्यावा लागला नाही.

१९६० साली महाराष्ट्र झाला. बेळगाव बाहेरच राहिलं. तेव्हा गुरुजी, ही छक्कड वर्गात ऐकवाल त्या दिवशी भिंतीवर नकाशाही टांगा.