चित्रपट-ध्वनिनमुने, नृत्यसंगीतातील
चित्रपटाच्या ध्वनिपटातील संवाद, पार्श्वसंगीत वा गीत यांचा अल्पांश उचलून तो इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या नव्या रचनेत गुंफण्याची पद्धती. या क्रियेस ‘सॅम्पलिंग’, तर उचललेल्या अंशास ‘सॅम्पल’ किंवा ध्वनिनमुना म्हणतात. मुद्रित ध्वनी हीच रचनेची सामग्री मानण्याची कल्पना प्येअर शेफर (१९१०–९५) याने १९४८ मध्ये पॅरिस येथे प्रत्यक्षात आणली. तिचा प्रसार मात्र अंकीय सॅम्पलर यंत्रांमुळे झाला.

तंत्र : सिडनी येथे निर्माण झालेले ‘फेअरलाइट सीएमआय’ (१९७९) हे आरंभीचे यंत्र फार महाग होते, पुढील दशकात ‘अकाई’ इ. कंपन्यांची स्वस्त यंत्रे आली. सॅम्पलर ध्वनितरंगाचे सेकंदास हजारो वेळा मापन करून ते अंक स्मृतीत साठवितो. हे अंक अधिक वेगाने वाचल्यास ध्वनीची तारता वाढते व अंश आखूड होतो. मंद गतीने वाचल्यास याउलट घडते. अंश पुनःपुन्हा वाजवून आवर्तन साधता येते. तत्कालीन यंत्रांची स्मृती तोकडी असल्यामुळे अगदी लहान तुकडेच घ्यावे लागत. पुढे तीच शैली बनली.

उपयोजन : ‘द प्रॉडिजी’ या ब्रिटिश गटाच्या ‘चार्ली’ (१९९१) या रचनेत मुलांना सावधगिरी शिकविणाऱ्या शासकीय व्यंगपटातील आवाज आहेत. मोबीच्या ‘गो’ (१९९१) मध्ये ‘ट्विन पीक्स’ या दूरचित्रवाणी-मालिकेचे अँजेलो बादालामेंतीकृत संगीत, तर फॅटबॉय स्लिमच्या ‘राइट हिअर, राइट नाऊ’ (१९९९) मध्ये ‘स्ट्रेंज डेज’ (१९९५) या चित्रपटातील संवादाचा तुकडा आढळतो. गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावरील नृत्यमेळाव्यांतून वाढलेल्या ‘गोवा ट्रान्स’ या प्रकारात गीताचे शब्द जवळजवळ नसतात. त्यांची जागा पुष्कळदा विज्ञानकथापटांतील संवाद घेतात. ‘एक दूजे के लिए’ (१९८१) मधील गीताच्या वाद्यवृंदाचा अंश ब्रिटनी स्पिअर्सच्या ‘टॉक्सिक’ या नृत्यगीतात वापरला गेला.

हक्क : प्रत्येक अंशावर सामान्यतः दोन स्वामित्वहक्क असतात : एक मूळ स्वररचनेचा व दुसरा ध्वनिमुद्रणाचा. परवानगी किती लहान अंशास लागते, याविषयी मतभेद आहेत. अमेरिकेत २००५ मध्ये एका अपील न्यायालयाने मुद्रणाच्या अल्पांशासही ती आवश्यक मानली. २०१६ मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयाने मॅडोनाच्या ‘व्होग’ (१९९०) या नृत्यगीतातील ०.२३ सेकंदाचा अंश नगण्य ठरविला.

नामोल्लेखाचा प्रश्न याहून वेगळा आहे. ‘ज्योती’ (१९८१) या चित्रपटातील लता मंगेशकर यांनी गायिलेले गीत ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ (२००२) या अमेरिकन गीतात वापरले गेले, तेव्हा संगीतकार बप्पी लाहिरी (१९५२–२०२२) यांचे नाव दिल्याविना विक्री करण्यास लॉस अँजेल्सच्या न्यायालयाने २००३ मध्ये मनाई केली. भारतात १९५७ च्या कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांचे गीतकार व संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या स्वामित्वधनात समान वाटा दिला. मूळ कृती ठाऊक नसलेल्या श्रोत्यास तिच्या कर्त्यांपर्यंत नेणारा दुवा नामोल्लेख हाच असतो. तो गळला, तर आवाज जगभर ऐकू येऊनही गायक व संगीतकार अज्ञातच राहतात.